घरी बांधलेल्या इंजिनचं बेअरिंग गेलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन घरी खोललं, नव्या रिंगा आणि बेअरिंग घालून बांधलं, पहिल्या स्टार्टरला सुरूही झालं, घरच्यांनी कौतुक केलं आणि दोन-चार दिवसांत खालून खट-खट ऐकू यायला लागली. या टप्प्यावर माणूस जे जे विचारतो ते इथे एकत्र केलं आहे. मी स्वतः चार सिलिंडरचं एक पेट्रोल इंजिन असंच बांधून बसवलं आहे. ‘बसवलं’ दोन्ही अर्थांनी. त्यामुळे काही उत्तरांत चिडचिड दिसली तर ती माझी माझ्यावरच आहे. सगळी चर्चा शेल बेअरिंगच्या इंजिनांबद्दल आहे, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) भोवती दोन अर्धगोल पाती बसतात ती. मोटरसायकलवाल्यांसाठी खाली एक प्रश्न वेगळा ठेवला आहे.

खालून आवाज येतोय. तो बेअरिंगचाच आहे हे कसं ओळखायचं?

रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा, म्हणजे बिग एंडचा आवाज जड असतो, जाड लोखंडावर लहान हातोडी मारल्यासारखा. इंजिन गरम झालं की तो वाढतो, कारण ऑइल पातळ होतं. उभ्या गाडीत रेस थोडी वाढवून एकदम सोडा. सोडतानाच्या त्या क्षणी दोन-तीन ठोके स्पष्ट वाजले तर संशय बिग एंडवर घ्यायचा. मेन बेअरिंगचा (इंजिनच्या सांगाड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, क्रँक ज्यांवर फिरतो त्यांचा) आवाज त्याहून खोल असतो आणि चढावर, लोडवर जास्त जाणवतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आवाज हलका, वरून येणारा, क्रँकच्या निम्म्या वेगाने टिकटिकणारा. पिस्टनचा आवाज याच्या उलट वागतो: थंडपणी मोठा, गरम झाल्यावर कमी.

खात्रीसाठी एकेक सिलिंडर बंद करून बघा. इंजेक्टरचं कनेक्शन काढायचं, प्लगची वायर नाही. वायर काढली तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करतं. ज्या सिलिंडरला बंद केल्यावर ठोका मवाळ होतो, त्याचा रॉड दोषी. मेनच्या आवाजात या चाचणीने फारसा फरक पडत नाही.

आणि एक: फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असले तरी जवळपास असाच ठोका येतो. ऑटोमॅटिक गाडीत फ्लेक्स प्लेटला (फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीला) तडा गेला तरीही. इंजिन खाली घ्यायच्या आधी ते बघून घ्या. नशीब चांगलं असेल तर तिथेच सुटका होते.

ऑइलचा दिवा लागत नाही. मग बेअरिंग कसं काय गेलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मीही स्वतःला हेच विचारत बसलो होतो.

पहिली गोष्ट, दिव्याचा स्विच फार खालच्या दाबाला चालतो. बहुतेक इंजिनांत साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच दिवा लागतो. म्हणजे दिवा बंद असण्याचा अर्थ ‘अगदीच मेलेलं नाही’ एवढाच. वर्कशॉपमधला जुना ठोकताळा दर १००० आरपीएमला निदान ०.७ बार, म्हणजे १० पीएसआय असा आहे. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. स्विच काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोजा. थंड इंजिनचं रीडिंग बघून समाधान मानू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. स्विच असो वा गेज, तो मुख्य ऑइल गॅलरीतला, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेतला, दाब दाखवतो. बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतंय की नाही हे तो सांगत नाही. माझ्या इंजिनात वरच्या मेन शेलला भोक आणि खाच होती, खालच्या सपाट होत्या. पाचपैकी एका मेनला मी उलटं केलं: सपाट शेल ब्लॉकमध्ये, भोकवाली कॅपमध्ये (खालून बोल्टने आवळायच्या अर्ध्या भागात). ब्लॉकमधून येणारं ऑइलचं भोक त्या सपाट पातीच्या पाठीने बंद झालं. त्या मेनला ऑइल नाही, आणि क्रँकच्या आतून तिथून ज्या रॉडला ऑइल जातं तोही कोरडा. गेज मात्र मजेत होता, कारण एक गळती कमी झाल्यावर गॅलरीतला दाब उलट थोडा वाढतोच. ‘प्रेशर तर छान आहे’ म्हणत मी ती गाडी आणखी दोन दिवस पळवली.

आवाज येतोय, पण घर जवळच आहे. चालवत नेली तर?

नका नेऊ. टो करा. नुसती शेल गेलेली असेल तेवढ्यात थांबलात तर क्रँक वाचू शकतो. आणखी पुढे गेलं तर क्रँक ग्राइंड करावा लागतो, त्याच्याही पुढे रॉड गेला, आणि शेवटी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. या पायऱ्यांमधलं अंतर अनेकदा किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजतात.

जाड ऑइल घातलं किंवा आवाज कमी करणारं औषध घातलं तर?

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आवाज थोडे दिवस दबतो हे खरं. गाडी विकून टाकणाऱ्यांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. पण नुकत्याच बांधलेल्या इंजिनात बेअरिंग वयाने गेलेलं नसतं. काहीतरी चुकलेलं असतं आणि ते जाड ऑइलने सुधारत नाही. शिवाय बारीक फटीतून जाड ऑइल थंडपणी उशिरा पोचतं, म्हणजे जी बेअरिंग अजून धड आहेत त्यांचाही तोटा.

इंजिन न उघडता पक्कं कळेल असं काही आहे का?

आहे. ऑइल फिल्टर कापा. करवतीने नको, करवतीचाच भुसा आत पडतो. पत्रा कापायचं कटर किंवा फिल्टर कटर वापरा. आतला कागद सोडवून घड्या उलगडा, पिळून ऑइल काढा आणि उन्हात धरा. नव्या इंजिनात थोडी करडी पूड निघते, ती रिंगांची आणि सिलिंडरची. पण चमकी दिसली, रांगोळीत मिसळतात तशी, तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर लोखंड-पोलाद. न चिकटणारी रुपेरी चमकी बेअरिंगच्या वरच्या थराची किंवा पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमची असू शकते. तांबूस कण दिसले की विषय संपला: वरचा थर जाऊन खालचं तांब्याचं मिश्रण उघडं पडलंय. तुमच्या बेअरिंगमध्ये तांबंच नसेल, अ‍ॅल्युमिनियम-कथलाची असतील, तर तांबूस रंगाची वाट बघू नका.

इतक्या लवकर बेअरिंग का जातं?

आधी फट किती असते ते डोळ्यांसमोर आणा. ५० मि.मी. व्यासाच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) साधारण ०.०५ मि.मी. क्लिअरन्स असतो, व्यासाचा हजारावा भाग हा ठोकताळा. माणसाचा केस यापेक्षा बहुधा जाडच असतो. क्रँक फिरायला लागला की ऑइल या फटीत ओढलं जातं, पाचरीसारखं दाबलं जातं आणि क्रँक त्यावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. पंपाचं काम फक्त ऑइल पोचवायचं. भार पेलतो तो हा थर, आणि भाराच्या जागी त्याची जाडी काही मायक्रॉनच उरते. आता यात सँडपेपरचा एक कण सोडा.

म्हणून घाण पहिल्या नंबरवर. सिलिंडर होन केले (आतून दगडाने बारीक घासले), ब्लॉक केरोसिनने धुतला, हवा मारली, झालं असं समजतात. होनिंगची कुरुंद केरोसिनने निघत नाही, ती धातूच्या बारीक रेघांत बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, हाच उपाय. पांढरं फडकं सिलिंडरवरून फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे. मग लगेच कोरडं करून ऑइल लावायचं, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरतो. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून आत लांब ब्रश घालायला हवा. क्रँकच्या आतल्या तिरक्या भोकांत तर ग्राइंडिंगचा गाळ हमखास असतो आणि तिथे कोणी बघत नाही.

दुसरा मोठा गट जागा चुकण्याचा. मेन कॅप ब्लॉकला बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात. एकीची जागा दुसरीला दिली किंवा पुढचं तोंड मागे केलं की भोक गोल राहत नाही. रॉड आणि त्याची कॅप यांचंही तसंच; तोडून बनवलेल्या (एकसंध घडवून मग मुद्दाम तडकवून दोन केलेल्या) रॉडमध्ये तर मोडलेल्या कडांचे दाते फक्त आपल्याच जोडीदाराशी जुळतात. शेल उलटसुलट बसवण्याची माझी गोष्ट वर आलीच आहे.

तिसरी चूक हुशार माणसं करतात. शेल बसवल्यावर तिची कड जोडाच्या पातळीपेक्षा किंचित वर राहते. ती चूक नसते, मुद्दाम ठेवलेली असते. कॅप आवळली की दोन्ही शेल एकमेकींना दाबतात आणि घरात, म्हणजे त्या बसतात त्या गोल भोकात, घट्ट बसतात. याला क्रश म्हणतात. शेल जागेवर धरून ठेवतो तो हा दाब. कडेची छोटी जीभ फक्त बसवताना जागा दाखवायला असते. ‘जरा वर येतंय’ म्हणून कड कानशीने घासली, किंवा क्लिअरन्स कमी करायला कॅप घासली, की बेअरिंगचं भवितव्य तिथेच ठरलं.

बाकीची भराभर सांगतो. ऑइल चेंबरला सिलिकॉन इतकं लावलं की आत आलेले गोळे तुटून स्ट्रेनरवर (पंपाच्या तोंडाच्या जाळीवर) बसले. पिकअप पाइपची ओ-रिंग जुनीच ठेवली आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढू लागला. ग्राइंड केलेल्या क्रँकवर स्टँडर्ड शेल चढवली; ०.२५ मि.मी. अंडरसाइजच्या (ग्राइंड करून तेवढ्या बारीक केलेल्या) क्रँकवर असं केलं तर फट पाच-सहा पट होते. पहिला स्टार्ट कोरडा दिला. बोल्ट अंदाजाने आवळले. यातलं एकही ऐकायला मोठं वाटत नाही.

खोलताना काय सांभाळायचं?

घाई सांभाळायची. बेअरिंग गेलंय हे माहीतच आहे. तुम्ही इंजिन खोलताय ते कारण शोधायला. म्हणून काही पुसू नका, धुऊ नका. प्रत्येक कॅप काढायच्या आधी तिच्यावर आणि रॉडवर नंबर आहे का, बाण कुठे आहे, याचे फोटो काढा. नंबर नसेल तर सेंटर पंचाने टिंब मारण्यापेक्षा मार्करने लिहा. प्रत्येक बोल्ट सुटायला लागलेला जोर लक्षात ठेवा. एखादा इतरांपेक्षा सहज सुटला तर ती बातमी आहे.

मग पांढऱ्या कापडावर सगळ्या शेल ओळीने मांडा. वरच्या शेल वर, खालच्या त्यांच्याखाली, इंजिनमध्ये होत्या त्याच क्रमाने. मी चारचारदा दिवा फिरवून बघितलं तेव्हा ती एक जोडी डोळ्यांत आली: बाकी सगळ्या खाचवाल्या वरच्या ओळीत आणि दुसऱ्या नंबरची खाच खालच्या ओळीत. इतकं साधं होतं ते. बांधताना तिथेच, त्याच टेबलावर, मी फोनवर बोलत होतो.

शेलवरच्या खुणांवरून कारण कसं कळतं?

आधी निरोगी शेल कशी दिसते ते: मधल्या भागात मंद चकाकी, कडेला मूळचा करडा रंग. रॉडमध्ये वरची शेल जास्त घासलेली असते, मेनमध्ये खालची. स्फोटाचा जोर तिकडेच येतो. एवढं असेल तर काळजी नको.

फिरण्याच्या दिशेने बारीक चरे आणि अधूनमधून रुतलेले ठिपके असतील तर घाण. ठिपक्याभोवती चकचकीत कडं दिसलं तर कण अजून आतच आहे. एकाच जागी गोल चकाकी आणि नेमकी त्याच जागी पाठीवर काळा ठसा: शेल बसवताना मागे कचरा राहिला होता. पाठ सगळीच घासून चकचकीत झाली असेल तर शेल घरात हलत होती, क्रश कमी पडला किंवा कॅप ढिली होती.

वरच्या शेलची एक कड घासलेली आणि खालच्या शेलची विरुद्ध कड घासलेली, म्हणजे रॉड वाकलेला. जोडाजवळ, एका शेलला डावीकडे आणि दुसरीला उजवीकडे घासलं असेल तर कॅप सरकून किंवा फिरून बसली होती. कडेला पूर्ण वळसा घालणारी रेघ असेल तर क्रँक बघा: जर्नल जिथे भिंतीला मिळतं तिथली गोलाई ग्राइंडिंगमध्ये जास्त राहिली आणि शेल तिच्यावर चढली. मेनच्या ओळीत मधली सगळ्यात जास्त आणि कडेच्या कमी घासल्या असतील तर क्रँक वाकडा आहे किंवा ब्लॉकने आकार सोडला आहे; इथे नवी बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

वरचा थर वितळून एका दिशेला लिंपल्यासारखा पसरला असेल, जर्नलवर निळसर-काळी झाक असेल, तर ऑइलच नव्हतं. एकाच बेअरिंगला असं झालं असेल तर त्या बेअरिंगचा रस्ता शोधा: भोक, खाच, गॅलरी. सगळ्यांनाच असेल तर पंप, स्ट्रेनर, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) किंवा कोरडा स्टार्ट. हा एक फरक लक्षात राहिला तरी निम्मा शोध संपतो.

थ्रस्ट वॉशरची (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीची) एकच बाजू संपली असेल तर बांधणीबरोबर क्लचही तपासा. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय त्याला खाते.

क्रँक बारीक पेपरने घासून नव्या शेल घातल्या तर चालेल?

जर्नलवरून नख आडवं फिरवा. अडकलं तर ग्राइंडिंग. नाही अडकलं तर मायक्रोमीटर घ्या आणि प्रत्येक जर्नल दोन जागी, प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांना मोजा. गोलाई आणि सरळपणा मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर पॉलिश करून नव्या शेल चालतात. पण हाताने पट्टी ओढून चरे ‘काढून टाकणं’ हा प्रकार वेगळा. त्यात चरे जातात आणि जर्नल अंडाकृती होतं. कारण न शोधता नव्या शेल घालणाऱ्यांना दोनदा गॅस्केट विकत घ्यावी लागते.

ग्राइंडिंगला देताना काय सांगायचं?

आधी पुढच्या साइजच्या शेल मिळतात का ते बघा. सहसा ०.२५, ०.५०, ०.७५ मि.मी. अंडरसाइज असतात, पण काही इंजिनांना कंपनी ग्राइंडिंगच मान्य करत नाही. शेल हातात आल्यावरच क्रँक द्या आणि शेलसुद्धा बरोबर द्या. एकच रॉड जर्नल खराब असलं तरी सगळी रॉड जर्नल एकाच साइजला करतात, कारण शेलचा सेट एकाच साइजचा येतो.

चार गोष्टी स्पष्ट सांगा: तपासणी, म्हणजे मॅग्नेटिक पद्धतीने तडे बघणं, कारण निळ्या पडलेल्या जर्नलला तडा असण्याची शक्यता खरी असते, सरळपणा, कोपऱ्याची गोलाई मूळ मापाची ठेवणं, आणि क्रँक नायट्राइड केलेला असेल तर ग्राइंडिंगनंतर पुन्हा ती प्रक्रिया, कारण तो कडक थर पातळ असतो आणि ग्राइंडिंगमध्ये उडतो. शेवटी ऑइलच्या भोकांच्या कडा किंचित मोडून घ्या. धारदार कड शेलला रंध्यासारखी तासते.

बेअरिंग ‘फिरलं’ म्हणजे काय झालं?

शेल क्रँकला चिकटून त्याच्याबरोबर घरात फिरली. मग ऑइलचं भोकही झाकलं जातं आणि पुढचं सगळं सेकंदांत होतं. रॉडमध्ये झालं असेल तर रॉडचं घर मोजून रीसाइज करता येतं, पण निळा पडलेला रॉड मी परत वापरणार नाही. तोडून बनवलेले रॉड सहसा रीसाइज करत नाहीत, बदलतात. मेनमध्ये झालं असेल तर ब्लॉकला लाइन बोअरिंग, म्हणजे मेनची सगळी घरं एका रेषेत पुन्हा बोअर करणं, लागतं. तिथे हिशेब मांडायची वेळ येते: क्रँक, रॉड आणि ब्लॉक तिन्हींना काम असेल तर चांगलं वापरलेलं दुसरं इंजिन शोधणं शहाणपणाचं. हट्टाने जुनंच जिवंत करणारे मला माहीत आहेत. मी त्यांच्यातलाच.

क्लिअरन्स घरी मोजता येतो का?

येतो, आणि हे न करता इंजिन बांधून बंद करणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. बोअर गेज असेल तर उत्तम: शेल बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून आतला व्यास घ्यायचा आणि त्यातून जर्नलचा व्यास वजा करायचा. नसेल तर प्लॅस्टिगेज. मेणासारखा बारीक धागा असतो तो. जर्नल आणि शेल अगदी कोरडे पुसायचे, धाग्याचा तुकडा जर्नलच्या लांबीवर ठेवायचा, कॅप टॉर्क पान्याने पूर्ण आवळायची आणि काढायची. मधल्या वेळात क्रँक जराही फिरू द्यायचा नाही. चेपलेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या मापाशी जुळवायची: पट्टी जितकी रुंद, तितकी फट कमी. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद निघाली तर जर्नल निमुळतं आहे. नंतर ती ऑइलच्या बोटाने पुसून काढा, खरवडू नका.

गाडीखाली पडून मेन मोजत असाल तर क्रँक स्वतःच्या वजनाने खाली येऊन फट लपवतो. शेजारच्या जर्नलजवळून त्याला हलका वर उचलून धरा.

बेअरिंगशिवाय आणखी काय बदलायचं?

चमकी सगळीकडे गेलेली असते असं समजूनच चालायचं. ऑइल कूलर असेल तर बदला. धुऊन तो स्वच्छ होतो यावर माझा विश्वास नाही. पंप उघडून आतले चरे बघा आणि रिलीफ व्हॉल्व्ह सहज सरकतोय का ते तपासा. एक कण त्याला उघडा अडकवून ठेवू शकतो. टर्बो असेल तर त्याचं ऑइलचं पाइप आणि त्याची बेअरिंग, हायड्रॉलिक टॅपेट, कॅमचे ऑइलने चालणारे व्हॉल्व्ह, चेन टेन्शनर: यादी कंटाळवाणी आहे, पण दुसऱ्यांदा बांधलेली इंजिनं बहुतेक यातल्याच कुठल्यातरी कोपऱ्यात राहिलेल्या पुडीने जातात.

रॉडचे बोल्ट अंशात फिरवून आवळायचे असतील तर ते सहसा ताणले जाणारे, एकदाच वापरायचे असतात. नवे घ्या. आणि टॉर्कचा आकडा ऑइल लावलेल्या बोल्टचा आहे की कोरड्याचा, ते मॅन्युअलमध्ये वाचा. त्याच आकड्याला ऑइल लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो.

पुन्हा बांधताना चूक आधीच पकडायची युक्ती?

प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवा. प्रत्येक. मेन सगळ्या आवळल्यावर, पिस्टन घालायच्या आधी, तो दोन बोटांनी फिरला पाहिजे. ज्या कॅपनंतर जड झाला ती कॅप काढा. शेल बसवल्यावर, क्रँक ठेवायच्या आधी, प्रत्येक ऑइलच्या भोकातून आतपर्यंत दिसतंय का ते टॉर्चने बघा. ही दहा सेकंदं मला एक क्रँक आणि एक रॉड घालवून मिळाली. फोन दुसऱ्या खोलीत.

पहिला स्टार्ट कसा द्यायचा?

बांधताना शेलवर असेंब्ली ल्यूब लावा, विशेषतः इंजिन आठवडाभर तसंच पडून राहणार असेल तर. साधं ऑइल खाली उतरतं. गिअरचा पंप असेल तर त्यात पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे कोरडा पंप लगेच ओढायला लागतो. फिल्टर उभा बसत असेल तर भरून लावा. मग प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टरने फिरवा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये विश्रांती, गेजवर दाब येईपर्यंत. दाब आला नाही तर प्लग लावून ‘सुरू केल्यावर येईल’ म्हणू नका.

चूक माझी की मशिनशॉपची?

मोजल्याशिवाय कोणाला काही म्हणता येत नाही. क्रँक परत आला त्या दिवशीची तुमची मापं लिहिलेली असतील तर बोलता येतं. नसतील तर दोन्ही बाजू शपथेवर येतात. शेल फेकू नका, क्रमाने पिशव्यांत ठेवा. कडेची गोल रेघ किंवा निमुळतं जर्नल हे मशिनचं काम आहे. उलटी शेल, फिरवलेली कॅप, रुतलेली कुरुंद हे बहुधा आपल्या टेबलावरचं.

मोटरसायकलच्या इंजिनलाही हेच लागू आहे का?

बऱ्याच एक सिलिंडरच्या इंजिनांत नाही. तिथे क्रँकला बॉल बेअरिंग आणि रॉडच्या खालच्या टोकाला रोलर असतात. क्रँक दाबून जोडलेला असतो. रॉड किट बदलायला प्रेस लागतो आणि नंतर क्रँक डायल गेजवर फिरवून सरळ करावा लागतो. हातोडीने ठोकून घरी बसवलेला क्रँक थरथरतो आणि नवी बॉल बेअरिंग लवकर खातो. अनेक सिलिंडरच्या बाइकमध्ये मात्र सहसा शेलच असतात आणि वरचं सगळं लागू होतं. अनेकदा तिथे शेल रंगांच्या खुणेने जुळवून निवडतात, तर तो तक्ता आधी मिळवा.

दुसऱ्यांदा बांधल्यावर भरवसा कधी ठेवायचा?

मी पहिला फिल्टर अर्ध्या तासाच्या चालवण्यानंतर काढून कापला. कापडाचे दोन धागे, सिलिकॉनचा एक कण आणि थोडी करडी पूड. दुसरा ५०० किलोमीटरवर: पूड कमी, चमकी नाही. तिसरा नेहमीच्या ऑइल बदलाला, आणि त्यानंतर दरवेळी कापतो. गेज डॅशबोर्डवर अजून आहे, पण त्याच्याकडे मी कमीच बघतो. पहिल्या वेळीही तो छानच दाखवत होता.